पुढची चाकं

फोन तीनदा वाजला आणि तिन्ही वेळा मी तो पाहिला. पडद्यावर 'डॉक्टर आखाडा' असं नाव होतं. मी जेवायला बसलो होतो, हात उष्टा होता, ही सबब नंतर मी चार लोकांना सांगितली. खरी गोष्ट अशी की डॉक्टरशी माझा बारा दिवसांपासून अबोला होता, आणि त्याने अजून थोडं तळमळावं अशी माझी इच्छा होती. तिसऱ्यांदा वाजून थांबला तेव्हा मी बायकोला म्हणालो, "वाजू दे. लय मस्ती आलीय त्याला." चौथा फोन दोन तासांनी आला, तो त्याच्या चुलत भावाचा, बाबारावांचा. "मिस्त्री, डॉक्टर गेले. पालमला आणलंय, दवाखान्यात... या." श्रावणातली झड तिसऱ्या दिवशीही उघडली नव्हती. मी पायात काय घातलं ते आठवत नाही, पण ताटात भाकरीचा किती तुकडा उरला होता तो मला अजून दिसतो.

डॉक्टर म्हणजे माणिकराव. तसा तो डॉक्टर नव्हता, जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पर्यवेक्षक होता. पण अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून ज्याने वासरू ओढून काढलंय, त्याला आमच्याकडे डॉक्टरच म्हणतात. मी एसटीच्या डेपोत मेकॅनिक होतो. आम्ही दोघं पालमच्या शाळेत एका बाकावर बसलेले, नोकरीतून सुटलोही एकाच वर्षी. रिटायर झाल्यावर तो गाव सोडून शेतातल्या आखाड्यावर राहायला गेला, अनसावहिनींना घेऊन. दोन खोल्या, एक पत्र्याचं शेड, बैल, चार म्हशी. आखाड्यापासून डांबरी रस्ता अडीच किलोमीटर. मधली वाट सगळी काळ्या मातीची.

हे मी पेपरच्या रविवारच्या पुरवणीत लिहितोय त्याला कारण आहे. दहाव्याच्या दिवशी घाटावर लोक जमले होते, तेव्हा बाबाराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाईनं स्टेरिंग धरलं अन् गाडी फसवली. तेवढ्या टायमात आमी बाजेवर उचलून नेलं असतं." आणि जमलेल्या सगळ्या शहाण्यांनी माना डोलावल्या. मीही तिथेच होतो. मी मान डोलावली नाही, पण तोंडही उघडलं नाही. तेव्हापासून हेच बोलणं पालमच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात चाललंय, आणि ते फिरत फिरत वहिनींच्या कानावर गेलंय. त्याही तेच धरून बसल्यात की आपल्या हातून नवरा गेला. ही पुरवणी दर रविवारी त्याच हॉटेलात येते. बोलणारे तिथेच चहा पीत ती वाचतात. तर वाचा. चूक अनसावहिनींची नव्हती. चूक माझी होती, आणि थोडी मेलेल्या माणसाची. कशी ते सांगतो.

काळ्या मातीत राहणाऱ्याला सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. पावसात ही माती चाकाला धरली की सोडत नाही. मोटारसायकलच्या मडगार्डमध्ये इतकी भरते की चाक फिरायचंच थांबतं, म्हणून आमच्याकडे लोक मडगार्ड काढून ठेवतात. डॉक्टरने सगळी नोकरी अशा बिनमडगार्डच्या गाडीवर आणि अनवाणी पायांनी केली. एकदा पोळ्याच्या आदल्या दिवशी एक गाय अडली होती, हा चिखलात गाडी टाकून पळत गेला, तरी उशीर झाला. गाय आणि वासरू दोन्ही गेली. घरी येऊन जेवला नाही. मला म्हणाला, "मिस्त्री, मला चारी चाकांनी ओढणारी गाडी पायजे. मेलो तरी घेईन एक." ती त्याने रिटायर झाल्यावर घेतली. एका कार्यालयाच्या आवारात वर्षानुवर्षं उभी असलेली जुनी डिझेल जीप, लिलावात. कुणीच बोली लावत नव्हतं, यावरूनच काय ते समजा. सीटच्या जागी कुत्रीने पिलं घातली होती. मी बोनेट उघडून पाहिलं आणि त्याला सगळ्यांसमोर मूर्ख म्हणालो.

सगळ्यात मोठी खोड खाली होती. पुढच्या चाकांकडे जोर नेणारा शाफ्ट जागेवर नव्हता. डिझेल वाचवायला आपले लोक काय करतात, तर तो शाफ्टच काढून टाकतात. फोर-व्हील जीप घ्यायची आणि तिची दोन चाकं मारून टाकायची. मी चिडलो की डॉक्टर हसायचा. म्हणाला, "शोधू की." आणि त्याने खरंच शोधला. पालमच्या पुढे एका शिवारात कोंडिबाचा मेंढरांचा वाडा आहे. तिथे मेंढरांना सुई टोचता टोचता याला दिसलं की कोकरं बांधायला जो लोखंडी दांडा आडवा टाकलाय, तो अशाच कुठल्या तरी मोडीत निघालेल्या जीपचा शाफ्ट आहे. कोंडिबा पैसे घेईना. म्हणाला, "पैसे काय करू, डॉक्टर? माझी मेंढरं लंगडायलीत, त्येंची खुरं बगा." डॉक्टरने दोन दिवस उकिडवं बसून दीडशे मेंढरांची खुरं छाटली, जंताचं औषध पाजलं, दांड्याच्या जागी बाभळीचं लाकूड तासून बसवून दिलं आणि शाफ्ट खांद्यावर टाकून आणला. तीन ठिकाणी वाकलेला. तो मी सरळ करून घेतला, त्यात माझे आठ दिवस आणि सगळा संयम गेला.

बाकीचं सामानही असंच आलं. पेन्शनीत घर चालवून उरेल तेवढ्यात जीप उभी करायची, तर दुसरा मार्ग नव्हता. रेडिएटर आला एका म्हशीच्या बाळंतपणावर. हूड शिवून दिलं ताडपत्रीवाल्याने, त्याच्या शेळ्यांना पीपीआर रोगाची लस दिल्यावर. लोकांनी तेव्हाही कुजबुज केली की एसटीचं सामान लागतंय. डेपोतला एक नटसुद्धा त्या गाडीला नाही, हेही हॉटेलात मोठ्याने वाचा. रंग त्याने लावलाच नाही. "चिखलच माखायचाय, रंग कशाला?" म्हणाला. यावरून आमचं भांडण झालं. सायलेन्सरवरून झालं, बॅटरीवरून झालं. दोन वर्षं आम्ही त्या शेडमध्ये जितकं भांडलो तितकं आपापल्या बायकांशी जन्मात भांडलो नसू... आणि जितके हसलो तितकेही कुठे हसलो नाही.

आता वहिनींचं. ही गाडी दोघांनी उभी केली असं लोक म्हणतात. तिघांनी केली. मी गिअरबॉक्स खोलला की निघालेला प्रत्येक नट, प्रत्येक वॉशर वहिनी परातीत क्रमाने मांडून ठेवत आणि परत बसवताना मी विचारायच्या आधी हातात देत. बेअरिंगं रॉकेलमध्ये धुणं त्यांच्याकडे. आणि गाडी सेल्फवर चालू होईना तेव्हा धक्का द्यायला आम्ही दोघं मागे आणि स्टेअरिंगवर वहिनी. क्लच दाबून दुसऱ्या गिअरमध्ये धरायचं, आम्ही ओरडलो की सोडायचं, गाडी लागली की ॲक्सिलरेटर द्यायचा. हे त्यांनी शंभर वेळा केलं असेल. फोर-व्हीलचा छोटा दांडा ओढला की गाडी चिखलातून कशी निघते, हेही त्यांनी शेजारी बसून पाहिलं होतं. एकदा अशीच गाडी लागली, मी घाम पुसत पुढे आलो, तर त्या उतरेनात. म्हणाल्या, "भाऊजी, मला बी नीट शिकवा की चालवायला. कदी एकटीला जायची पाळी आली तर?" मी काय म्हणालो? मी म्हणालो, "वैनी, तुमी गाडीवर बसल्यावर डॉक्टरनं काय भाकरी थापायच्या?" डॉक्टर खो-खो हसला. मी हसलो. त्याही पदर तोंडाला लावून हसल्या आणि उतरल्या. ते हसू मला आता आठवतं तेव्हा माझ्या स्वतःच्या कानफटात द्यावीशी वाटते. धक्का द्यायचा तर बाई ड्रायव्हर. शिकायचं म्हटलं तर भाकरी.

जीप दोन पावसाळे चालली. पण डिझेल फार पिऊ लागली आणि डॉक्टर कुरकुर करू लागला. उपाय मी सुचवला. जुन्या जीपची पुढची चाकं शाफ्टला कायम जोडलेली असतात, त्यामुळे साध्या रस्त्यावरही पुढचं सगळं लोखंड फुकट फिरत राहतं. ते थांबवायला हब मिळतात, पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध बसवायचे, वाटीएवढे. हाताने एका बाजूला फिरवले की चाक मोकळं, दुसऱ्या बाजूला फिरवले की शाफ्टला जोडलेलं. चिखल आला की खाली उतरायचं, दोन्ही हब फिरवून चाकं जोडायची आणि मग दांडा ओढायचा. हब मोकळे ठेवून नुसता दांडा ओढला तर पुढची चाकं मेल्यासारखी उभी राहतात. जुने हब मी परभणीहून मिळवले आणि यंदाच्या उन्हाळ्यात बसवले. त्या महिन्यात वहिनी आखाड्यावर नव्हत्या. मुलीच्या बाळंतपणाला जिंतूरला गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा गाडी तशीच दिसत होती. चालवायची तर डॉक्टरलाच, मग त्यांना कोण सांगणार आणि कशाला? आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

डॉक्टर हब जोडायचा, पण मोकळे करायचं हमखास विसरायचा. चिखलातून निघून डांबरीवर आला की तसाच पालमपर्यंत यायचा, हब जोडलेलेच. मला आवाजावरून कळायचं. मी सांगून सांगून थकलो होतो. मग एक दिवस बाजार होता. तो असाच आला आणि मी स्टँडसमोर, भर लोकांत, त्याला झाडला. "अक्कल हाय का? मग हब बसवलेत कशाला? जनावरं तपासून तपासून तू बी जनावर झालास." वापरायला नको होते ते शब्द. त्याचं तोंड उतरलं. "गाडी माझी हाय, मिस्त्री," एवढंच म्हणाला. मी म्हणालो, "मग पुन्यांदा मला बोलवू नको." तोच तो बारा दिवसांचा अबोला.

आणि आता ऐका. मला वाटलं होतं तो माझं ऐकणार नाही, जन्मभर कधी ऐकलं नव्हतं. पण त्याने ऐकलं. त्या दिवसापासून तो रोज न चुकता, शेडमध्ये गाडी लावली की पहिले दोन्ही हब मोकळे करायचा. वहिनींनी त्याला चाकाशी वाकलेलं पाहिलं होतं, त्यांना वाटलं चिखल काढतोय. मला त्याचा राग येतो. छातीत दुखतंय हे महिनाभर लपवलं, बैलाच्या काळजाचे ठोके कान लावून ऐकणाऱ्या माणसाने स्वतःची छाती कुणाला दाखवली नाही, त्याचाही येतो. पण जास्त राग याचा येतो की सगळ्या आयुष्यात माझी एकच गोष्ट ऐकायची होती, तर ती ही ऐकली.

तो गेला त्या दिवशीचं मला कोंडिबाने सांगितलं. पावसामुळे त्याने मेंढरं जवळच्याच शेतात बसवली होती. सकाळी म्हशींना वैरण टाकता टाकता डॉक्टर खाली बसला. वहिनींनी अँब्युलन्सला फोन केला, बाबारावांना केला. अँब्युलन्स आली, पण डांबरीवर उभी राहिली, आत येणं शक्यच नव्हतं. गाडी त्यांच्याने चालेल असं डॉक्टर कधी म्हणालाच नव्हता, पण वहिनींनी वाट पाहिली नाही. कोंडिबाला हाक मारली, दोघांनी त्याला उचलून जीपच्या मागच्या बाकावर निजवलं, खाली गोधडी टाकली. गाडी एका सेल्फला लागली. पहिल्या गिअरमध्ये, न थांबता, वहिनींनी ती एक किलोमीटर नेली. त्या चिखलातून, कधी न शिकलेल्या बाईने. मग वाटेतल्या ओघळाजवळ मागची चाकं रुतू लागली. वहिनींनी दांडा ओढला. "बराबर वढला, मिस्त्री, मी डोळ्यानं बगितलं," कोंडिबा म्हणाला. "पर पुढची चाकं नुसती उबी. वैनी रडायलीय, दांडा पुन्यांदा ढकलायलीय, वढायलीय... डॉक्टर काय तरी बोलायला बगायलाय, पर तोंडातून आवाज न्हाई. मंग वैनी म्हनली, थांबा, मिस्त्री भाऊजीला इचारते. तीनदा लावला फोन."

पुढच्या दोन्ही चाकांच्या मधली वाटी हाताने एकदा फिरवा. हे एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. उष्ट्या हातानेही बोलता आलं असतं.

बाबाराव आणि दोघं तिथे पोचले तेव्हा गाडी रुतून अर्धा तास होऊन गेला होता. मग बाज आणली. बाजेवर आधीच नेलं असतं म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावं की आधी यायला त्यांचे पाय कुणी धरले होते. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर वाचले असते की नाही, सांगता येत नाही. त्यांना सांगता येत नसेल. मी रोज पहाटे उठून त्याचा हिशेब लावतो आणि रोज तो वाचतो.

तेरावा झाल्यावर मी आखाड्यावर गेलो. जीप ट्रॅक्टरने ओढून शेडमध्ये आणून लावली होती, चिखल वाळून टायरांवर तडकला होता. वहिनी बाहेर आल्या. मी ख्यालीखुशाली काही विचारली नाही, सरळ पुढच्या चाकाशी उकिडवा बसलो आणि हब दाखवला. असा मोकळा, असा जोडलेला. उन्हाळ्यात बसवला, तुम्हाला कुणी सांगितलं नाही. त्या माझ्या शेजारी बसल्या. हात लावून हब फिरवला. टक्क आवाज आला.

"एवडंच?" त्या म्हणाल्या.

"एवढंच."

बराच वेळ त्या फिरवत राहिल्या. मोकळं, जोडलेलं. मोकळं, जोडलेलं. मग मी फोनचंही सांगितलं. वाजताना पाहिला आणि उचलला नाही, डॉक्टर असेल म्हणून मुद्दाम. हे सांगायची गरज नव्हती असं माझी बायको म्हणते. वहिनींनी मान वर केली नाही. "मला वाटलं तुमाला ऐकू आलं नसंल," त्या म्हणाल्या. "बाबाराव भाऊजी लय बोलायले तुमाला. मीच म्हनले, झड लागलीय, पत्र्यावर पाऊस वाजायला, भाऊजीला ऐकू आलं न्हाई..." म्हणजे सगळं गाव त्यांना दोष देत होतं तेव्हा त्या मला वाचवत होत्या. मी काही तरी पुटपुटलो, माफी की काय. त्या उठल्या, पलीकडे जाऊन दुसराही हब फिरवून जोडला, हात धुतले आणि म्हणाल्या, "तुमी जा आता, भाऊजी." पाणीसुद्धा विचारलं नाही. बरोबरच केलं.

त्यानंतर महिनाभर मी तिकडे गेलो नाही. मागच्या आठवड्यात हिंमत करून एसटीने फाट्यापर्यंत गेलो, उतरलो, आणि पुढे पाय उचलेना म्हणून तिथेच थांबलो. रात्री पाऊस होऊन गेला होता, वाट पुन्हा लोण्यासारखी झाली होती. तेवढ्यात वाटेने जीप येताना दिसली. स्टेअरिंगवर वहिनी. ओघळ ओलांडला, वर चढल्या, डांबरीवर आल्या आणि माझ्यासमोर गाडी उभी केली. त्यांच्या शेजारच्या सीटवर सरकीचं रिकामं पोतं आणि दुधाचा कॅन होता. शिकाऊ लायसन काढलंय, पुढचा कागद व्हायचाय, हे कोंडिबाकडून कळलं होतं. आता बाबाराव त्यावरूनही बोलतात म्हणे. बोलू द्या.

माझी नजर सवयीने चाकाकडे गेली. हब जोडलेले होते. डांबरीवर.

"बोला की," वहिनी म्हणाल्या. "त्येंना बोलला असता."

मी नाही म्हणून मान हलवली.

"म्या ते मोकळं करनार न्हाई, भाऊजी. कदीच. डिझेल जाऊ द्या न्हाईतर टायर जाऊ द्या."

"नका करू," मी म्हणालो.

त्यांनी मागे बोट दाखवलं. "पुढं जागा न्हाई. मागं बसा."

मी मागच्या बाकावर चढलो. गोधडी अजून तिथेच होती, घडी घातलेली. गाडी पालमच्या दिशेने निघाली. माझ्या पायाखाली तो शाफ्ट, ते पुढचं सगळं लोखंड फुकट फिरत होतं, डिझेल खात होतं, टायर घासत होतं... आणि मी पालम येईपर्यंत एक शब्द न बोलता ते ऐकत बसलो.